एलीचा शोध

चित्रीकरण उरकलं होतं. बर्फ, रक्त, पोहण्याचा तलाव, इस्पितळाच्या खाटेवर पेटून उठणारी बाई, सगळं फिल्मवर उतरलं होतं. जिच्यासाठी स्वीडनभर जवळजवळ वर्षभर शोध चालला होता ती मुलगी पडद्यावर हवी तशी दिसत होती. मोठे काळेभोर डोळे, विस्कटलेले केस, चेहऱ्यावर कुठल्यातरी जुन्या जागरणाचा शीण. तरीही दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसनचं समाधान होत नव्हतं, कारण ती बोलत होती. तिचा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा होता, उंच पट्टीतला आणि कोवळा. तिची भूमिका मात्र गेली दोनशेच्या वर वर्षं बारा वर्षांचं राहिलेल्या जिवाची होती.

मग एक धाडसी निर्णय झाला. मुलीचा चेहरा ठेवायचा, देह ठेवायचा आणि आवाज पूर्ण काढून टाकायचा. एखाददुसरा संवाद सुधारून भागणार नव्हतं. एलीच्या तोंडचा प्रत्येक शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यातून यायला हवा होता. नव्या आवाजासाठी मुली ऐकल्या, मुलगे ऐकले, वयाने मोठ्या बायकाही ऐकल्या. शेवटी चमूतल्या लोकांनी चक्क मतदान केलं आणि एलिफ जेलान हिचा आवाज निवडला. तो किंचित खर्जातला आहे, थोडा कोरडा आहे, आणि मुलाचा की मुलीचा हे तो पटकन सांगत नाही.

२००८ सालचा हा स्वीडिश चित्रपट म्हणजे 'लोत देन रेत्ते कोमा इन'. जगभर तो 'लेट द राइट वन इन' या इंग्रजी नावाने ओळखला जातो. गोष्ट दोन ओळींची आहे. ऑस्कर हा शाळेत रोज मार खाणारा एकटा मुलगा. त्याच्या शेजारच्या घरात एली राहायला येते आणि दोघांची मैत्री होते. एली रक्तावर जगते. या दोन ओळींतून इतका हळवा, इतका थंडगार आणि इतका निर्दय चित्रपट कसा निघाला, याचं उत्तर मला एलीच्या शोधात सापडतं. एली कुणाला एका जागी तयार सापडली नाही. तिला तुकड्यातुकड्याने शोधावं लागलं. नाव एका कादंबरीतून आलं, चेहरा एका मुलीचा घेतला, आवाज दुसरीचा. एका क्षणापुरता वयस्क चेहरा हवा होता, तो सुझान रूबेन या तिसऱ्या अभिनेत्रीने दिला. आणि जिथे एली जनावर होते तिथे गुरगुर खऱ्या जनावरांची आहे.

हा शोध सुरू झाला चित्रपटाच्या बऱ्याच वर्षं आधी, स्टॉकहोमच्या पश्चिमेच्या ब्लाकेबेर्ग नावाच्या उपनगरात.

यॉन आयविदे लिंडक्विस्टचा जन्म १९६८चा. तो ब्लाकेबेर्गमध्ये वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनने राजधानीभोवती मेट्रोच्या मार्गांवर नवी उपनगरं वसवली, त्यांतलं हे एक. १९५२मध्ये तिथे मेट्रोचं स्थानक सुरू झालं. सारख्या चणीच्या तीन-चार मजली इमारती, मध्ये अंगण, अंगणात मुलांना खेळायला लोखंडी सांगाडा, जवळ दुकानं, शाळा, वाचनालय. सगळं आखून-रेखून बांधलेलं आणि कागदावर माणसाच्या सुखाचा विचार करून केलेलं. फक्त त्या जागेला मागचं काही नव्हतं. जुना वाडा नाही, पडकं देऊळ नाही, पिंपळावरचा मुंजा नाही. भुताखेतांना राहायला जागाच नाही म्हणा ना. लिंडक्विस्टला हेच खुपत होतं आणि खुणावतही होतं. जिथे इतिहास नाही तिथे भूतकाळातून चालत आलेलं काहीतरी भयंकर उतरलं तर काय होईल, या प्रश्नावर त्याची कादंबरी उभी राहिली.

तो मूळचा लेखक नव्हता. आधी जादूचे प्रयोग करायचा, मग बारा वर्षं एकपात्री विनोदी कार्यक्रम केले. पत्त्यांच्या जादूत प्रेक्षकाचं लक्ष भलतीकडे वळवून हातातला पत्ता लपवायचा असतो, आणि हे कसब त्याच्या लेखनात सरळ उतरलं आहे, असं मला वाटतं. वाचक रक्ताकडे बघत राहतो आणि लेखक त्याच्या नकळत एका पोराचा एकटेपणा त्याच्या हातात ठेवतो. हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांनी परत केलं. अखेर २००४मध्ये 'ऑर्डफ्रंट'ने ते छापलं आणि पुस्तकाने जोर धरला. शीर्षक त्याने ब्रिटिश गायक मॉरिसीच्या एका गाण्यावरून घेतलं होतं.

कादंबरीचा काळ १९८१च्या शरद ऋतूचा आहे. त्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत नौदलाची एक पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नाविक तळाजवळ खडकावर चढून अडकली आणि तटस्थ, सुरक्षित, आपल्याला कुणी हात लावणार नाही असं मानणारा देश हादरला. बाहेरून कुणीतरी न विचारता घरात शिरलं होतं. लिंडक्विस्टने हा प्रसंग कादंबरीत पार्श्वभूमीला ठेवला आहे. शाळेत ऑस्करच्या वाट्याला जे येतं ते मात्र पार्श्वभूमीचं नाही. ते लेखकाच्या स्वतःच्या लहानपणातून आलेलं आहे, आणि ती पानं वाचताना हे वेगळं सांगावं लागत नाही.

टोमास आल्फ्रेडसनला ही कादंबरी एका मित्राने दिली. आल्फ्रेडसनचा जन्म १९६५चा. वडील हान्स आल्फ्रेडसन हे स्वीडनचे लाडके विनोदकार आणि अभिनेते. टोमासचं स्वतःचं कामही तोवर दूरचित्रवाणी आणि विनोदी मंडळींसोबतच झालेलं. भयपटांची त्याला आवड नव्हती आणि रक्तपिपासूंच्या कथांची माहितीही बेताचीच होती. त्याला धरून ठेवलं ते शाळेतल्या छळाने. शाळेचे ते दिवस त्यालाही अवघड गेले होते. भयपटाचे नियमच ठाऊक नसलेला माणूस या कथेला भेटला, ही मला मोठी भाग्याची गोष्ट वाटते. कुठे किंकाळी हवी आणि कुठे दार करकरायला हवं, हे त्याला पाठ नव्हतं. त्याने बघितलं ते दोन मुलांकडे.

पटकथा लिंडक्विस्टने स्वतः लिहिली. मूळ लेखकालाच ते काम द्यावं की नाही, याबद्दल आल्फ्रेडसन सुरुवातीला साशंक होता. पण लिंडक्विस्टने कात्री चालवली ती निर्दयपणे. कादंबरी जाडजूड आहे, पात्रांनी गजबजलेली आहे. एलीसाठी माणसं मारून रक्त आणणारा होकान कादंबरीत बालकांकडे वासनेने बघणारा माणूस आहे, आणि मेल्यावर तो आणखी भीषण रूपात उठतो. चित्रपटात यातलं काहीच उरलं नाही. पेर राग्नारने उभा केलेला होकान हा फक्त थकलेला, घामेजलेला, आपल्या कामात दिवसेंदिवस चुका करणारा वयस्क माणूस आहे. तो कोण? एलीचा बाप? नोकर? एके काळचा प्रियकर? चित्रपट सांगत नाही. काही वाचकांना ही काटछाट आवडली नाही. मला ती योग्य वाटते, कारण होकानबद्दल कमी कळल्यामुळे त्याच्या आणि एलीच्या नात्याकडे आपण जास्त टक लावून पाहतो.

मग मुलांचा शोध सुरू झाला. संपूर्ण कामातलं सगळ्यात अवघड काम हेच होतं, असं आल्फ्रेडसनने पुढे सांगितलं. देशभर खुल्या चाचण्या झाल्या. ऑस्कर आणि एली वेगवेगळे निवडून चालणार नव्हतं. दोघं मिळून एक माणूस पूर्ण व्हायला हवा होता, एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे हवं. ऑस्करसाठी कोरे हेडेब्रांट मिळाला. जवळजवळ पांढरे वाटावेत इतके फिकट सोनेरी केस, दुधासारखी कातडी, उघडं राहणारं तोंड, सतत वाहतंय की काय असं वाटणारं नाक. त्याच्याकडे पाहताच शाळेतल्या दांडग्या पोरांना तो का सापडतो ते कळतं, आणि ते कळल्याची आपल्यालाच लाज वाटते.

एली सापडली ती एका ऑनलाइन जाहिरातीतून. चांगलं पळता येणारा बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हवी, एवढीच मागणी होती. लीना लेआंदेरसनने त्या जाहिरातीला उत्तर दिलं, आणखी तीन चाचण्या दिल्या आणि ती निवडली गेली. जाहिरातीत मुलगा किंवा मुलगी असं दोन्ही लिहिलं होतं, त्यामागे कादंबरीतलं एक गुपित होतं. त्याकडे पुढे येतेच.

कथा स्टॉकहोमची असली तरी बरंचसं चित्रीकरण झालं ते उत्तरेला लूलेओमध्ये. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बर्फाचा भरवसा नसतो आणि या चित्रपटाला बर्फ पडून गेल्यावरची ती घट्ट, पायाखाली करकरणारी थंडी हवी होती. पडद्यावर तोंडातून निघणारी वाफ, लालबुंद झालेले गाल, जड बूट हे सगळं त्या थंडीने फुकट दिलं. या सगळ्यात एली पातळ कपड्यांत येते, कधी अनवाणी उभी राहते. ऑस्कर तिला विचारतो, थंडी नाही वाजत? थंडी कशी वाजते ते विसरले असेन, अशा अर्थाचं ती काही बोलते. पोरवयातलं साधं बोलणं आहे ते. तिच्या वयाचा अंदाज आपल्याला पहिल्यांदा इथे येतो.

दोघं भेटतात ते इमारतीच्या अंगणातल्या लोखंडी सांगाड्यावर. हा सांगाडा चित्रपटासाठी मुद्दाम बनवून घेतला होता. नेहमीचा सांगाडा उंच असतो, चित्रपटाची चौकट मात्र रुंद आणि बुटकी होती. त्यात तो कापला गेला असता. म्हणून आडवा, पसरट सांगाडा घडवला. एली वर उभी, ऑस्कर खाली, मध्ये लोखंडी नळ्यांची जाळी आणि मागे खिडक्यांचे पिवळे चौकोन. ही पोरं एकमेकांशी बोलताना कायम कशाच्या तरी आडून बोलतात. सांगाड्याच्या, भिंतीच्या, काचेच्या, दाराच्या. पुढे दोघांच्या खोल्यांमधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करत ती मोर्स लिपीत बोलायला शिकतात. एलीला ऑस्कर आपला रुबिकचा घन देतो आणि दुसऱ्या दिवशी तो सुटलेला परत मिळतो.

छायाचित्रणकार होता होयटे व्हान होयटेमा. तेव्हा त्याला स्वीडनबाहेर फार थोडे लोक ओळखत होते. पुढे 'इंटरस्टेलर', 'डंकर्क' केले आणि 'ओपेनहायमर'साठी ऑस्कर पुरस्कार घेतला. एलीच्या घरातला उजेड कसा असावा, यावर त्याने आणि आल्फ्रेडसनने बराच खल केला. भयपटात अंधाराला धार असते, सावल्या लांब पडतात. इथे त्यांना उलट हवं होतं. मंद विजेचा उजेड डब्यात भरून केसांवर फवारा मारतात तसा खोलीभर फवारावा, अशी त्यांची कल्पना होती, आणि त्याला ते फवारा-उजेड असंच म्हणायचे. त्यामुळे एलीचं घर भेसूर दिसत नाही. भाडेकरू सामान घेऊन निघून गेलेल्या घरासारखं दिसतं. खिडक्यांना पुठ्ठे, भिंती उघड्या, एका कोपऱ्यात जन्मभरात गोळा केलेल्या चार चिजा. भीती वाटायच्या आधी पोटात कालवतं.

मुलांना पटकथा वाचायला दिली नव्हती. आल्फ्रेडसन संवाद त्यांना मोठ्याने सांगायचा आणि मुलं ऐकून ते उचलायची. पाठांतराचा वास म्हणून कुठेच येत नाही. दोघं बोलतात तेव्हा मध्ये खूप थांबतात. त्या थांबण्याला दिग्दर्शकाने हात लावलेला नाही.

आता पुन्हा ध्वनीकडे. ध्वनिरचनाकार पेर सुंडस्ट्रोम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम नीट ऐकायचं असेल तर हा चित्रपट कानाला हेडफोन लावून, रात्री, दिवे मालवून बघावा. कॅमेरा मुलांच्या इतका जवळ असतो की मागचं सगळं धूसर होतं, आणि आवाज त्याहूनही जवळचा असतो. श्वास, गिळलेला आवंढा, ओठ सुटे होताना होणारा बारीकसा चट असा आवाज. रक्त पिण्याचे आवाज करण्यासाठी एलिफ जेलानने ध्वनिमुद्रणाच्या वेळी खरबूज खाल्लं, सॉसेज खाल्लं. त्या ओल्या, चावण्याच्या आवाजात वेगवेगळ्या जनावरांचे आवाज मिसळले. पुलाखालच्या प्रसंगात एली एका वाटसरूवर हल्ला करते, तेव्हा कॅमेरा लांब असतो आणि दिसतं फार थोडं. ऐकू मात्र सगळं येतं. आणि काम झाल्यावर ती त्या देहावर डोकं टेकून रडते. भूक भागल्यावर रडणारा हिंस्र प्राणी मी दुसऱ्या कुठल्या भयपटात पाहिलेला नाही.

म्हणूनच इंग्रजीत डब केलेली प्रत समोर आली तर ती बाजूला ठेवा आणि स्वीडिशच बघा, खाली उपशीर्षकं घेऊन. डबिंगमध्ये दोन्ही मुलींनी मिळून घडवलेली एली पुसली जाते आणि तिसरीच कुणी बोलू लागते.

संगीत योहान सोडरक्विस्टचं. आल्फ्रेडसनने त्याला सांगितलं होतं की सूर आशेचे आणि प्रेमाचे हवेत, मग पडद्यावर काहीही चालू असो. त्यामुळे सगळ्यात वाईट प्रसंगांच्या आसपास सगळ्यात कोमल सूर येतात, आणि एखाद्या खुनाकडे आपण दुःखाने बघू लागतो.

सगळंच जमलेलं आहे असं नाही. एलीच्या चाव्यातून वाचलेली व्हर्जिनिया ही बाई एका घरात शिरते आणि तिथल्या मांजरी तिच्यावर तुटून पडतात. संगणकावर केलेल्या त्या मांजरी तेव्हाही खोट्या वाटल्या आणि आज तर फारच वाटतात. एवढ्या संयमी चित्रपटात तेवढा भाग उसना आणल्यासारखा आहे. पण त्याच व्हर्जिनियाचा पुढचा प्रसंग बघा. ती इस्पितळात आहे, आपण काय होत चाललो आहोत हे तिला कळलंय, आणि ती कर्मचाऱ्याला पडदे उघडायला सांगते. सकाळचा उजेड आत येतो आणि ती पेटते. एली होण्यापेक्षा तिने हा मार्ग पत्करला. एलीला असा मार्ग निवडण्याइतकं वय कधी मिळालंच नाही, हे त्या जाळाच्या उजेडात लक्षात येतं.

चित्रपटाचा कणा असलेला प्रसंग मात्र दाराचा आहे. रक्तपिपासू घरात बोलावल्याशिवाय येत नाही, हा युरोपातल्या लोककथांमधला जुना नियम. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तही तो आहे. नारायण धारपांच्या 'लुचाई'मुळे आपल्याकडच्या कित्येक वाचकांना ही रक्तपिपासूंची जात चांगली परिचयाची झाली. पण न बोलावता आला तर काय होतं, हे बहुतेक कथा सांगत नाहीत. नियम मोडताच येत नाही, असं गृहीत धरून त्या पुढे जातात. लिंडक्विस्टने तो मोडून दाखवला.

ऑस्करचं दार वाजतं. बाहेर एली. मला आत ये म्हण, असं ती सांगते. ऑस्करला तिचं रहस्य कळलेलं आहे आणि तो तिच्यावर चिडलेला आहे. तो ये म्हणत नाही. मुलं एकमेकांना खिजवतात तसं तो हाताने उंबरठ्यावरची हवा चाचपून दाखवतो, इथे काही अडसर आहे का, ये की. एली क्षणभर त्याच्याकडे बघते आणि आत येते. दार लावते, चार पावलं टाकते, उभी राहते. काहीच होत नाही. ऑस्कर बघतोय. मग तिच्या अंगाला बारीक कंप सुटतो. पाठीवरच्या कापडावर एक लाल डाग उमटतो. केसांच्या मुळांतून रक्त येतं, कानांतून येतं, डोळ्यांच्या कडांतून येतं. ती ओरडत नाही, विनवत नाही, नुसती त्याच्याकडे बघत उभी राहते. आणि ऑस्कर ओरडतो, ये, तू येऊ शकतेस, आणि धावत जाऊन तिला मिठी मारतो.

मी हा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी तिथे श्वास अडकतो. मला तिथे दोन गोष्टी एकदम दिसतात. दुबळ्या, मार खाणाऱ्या ऑस्करच्या हातात पहिल्यांदाच दुसऱ्याला यातना देण्याची सत्ता येते आणि तो ती वापरतो, अगदी त्याला मारणाऱ्या पोरांसारखी, सहज, गंमत म्हणून. दुसरी गोष्ट एलीची. आपल्याला मरण येईल हे माहीत असून ती आत येते. दोनशे वर्षं जगण्यासाठी माणसं मारत आलेला जीव एका पोराच्या हट्टापायी ते जगणं उंबरठ्यावर ठेवतो. या क्षणापर्यंत आपण ऑस्करला एलीपासून वाचवावं असं वाटत असतं. इथे ते उलटतं. शोध फक्त दिग्दर्शकाचा नव्हता, एली कोण आहे हे ऑस्करलाही शोधायचं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं ते स्वतःच्या क्रूरपणातून.

त्यानंतर लगेच गुपिताचा भाग येतो. रक्ताळलेली एली अंघोळ करते, ऑस्करच्या आईचा झगा घालते. दाराच्या फटीतून ऑस्कर डोकावतो. पडद्यावर एक झलक येते, डोळा मिटून उघडावा एवढीच. तिच्या अंगावर एक जुना व्रण आहे. एली जन्माने मुलगा आहे, नाव एलियास. शतकांपूर्वी त्या मुलाला पकडून, कापून, रक्तपिपासू केलं गेलं. कादंबरीत हे सविस्तर येतं, अंगावर येईल इतकं सविस्तर. चित्रपटात फक्त ती झलक आणि त्याआधी एलीने सांगितलेली गोष्ट की मी मुलगी नाही. ऑस्करला वाटलेलं असतं, ती माणूस नसल्याबद्दल बोलते आहे. ज्याने कादंबरी वाचली नाही त्याला ती झलक गोंधळात टाकते, हे खरं आहे. पण आवाज बदलण्याचा तो हट्ट इथे समजतो. लीनाच्या चेहऱ्यावर मुलगी दिसत होती. एलिफच्या आवाजाने तिच्यात एलियास जिवंत ठेवला.

व्रण पाहून ऑस्कर काय करतो? काहीच नाही. तो विचारत नाही, दूर होत नाही, समजावून घेण्याचा आव आणत नाही. त्याच्यासाठी एली एलीच राहते. मोठ्यांच्या चित्रपटात इथे पाच मिनिटांचं भाषण आलं असतं.

चित्रपट जानेवारी २००८मध्ये गोथेनबर्गच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट कथापटाचा पुरस्कार मिळाला. स्वीडनच्या चित्रपटगृहांत तो ऑक्टोबरमध्ये आला. दिग्दर्शन, पटकथा आणि छायाचित्रण यांसाठी त्याला स्वीडनचे गुल्डबागे पुरस्कार मिळाले. ऑस्कर पुरस्काराच्या शर्यतीत मात्र स्वीडनने यान त्रोएलचा 'मारिया लार्सन'वरचा चित्रपट पाठवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'ट्वायलाइट' आला आणि रक्तपिपासूंच्या प्रेमकथांची लाट उसळली. दोन्हीकडे मानवाचं आणि अमानवाचं प्रेम आहे. ट्वायलाइटमध्ये रक्तपिपासू असणं हे वैभव आहे, आल्फ्रेडसनकडे तो आजार आहे, भूक आहे, दुर्गंधी आहे. पहिल्याच भेटीनंतर ऑस्कर एलीला सांगतो की तुझ्या अंगाला विचित्र वास येतो, आणि पुढच्या वेळी ती अंग धुऊन येते. एवढा एक प्रसंग मला त्या अख्ख्या लाटेपेक्षा प्रेमाबद्दल जास्त सांगतो.

अमेरिकी आवृत्ती लगोलग ठरली. 'लेट मी इन', दिग्दर्शक मॅट रीव्हज, २०१०. आल्फ्रेडसनला हे रुचलं नाही. जे चित्रपट फसले आहेत ते पुन्हा करावेत, असं त्याचं म्हणणं होतं. रीव्हजचा चित्रपट वाईट नाही, मन लावून केलेला आहे. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट केली, जी मुळात मुद्दाम अस्पष्ट ठेवलेली होती. मुलीसोबतच्या वयस्क माणसाचा लहानपणीचा फोटो त्याने दाखवला. तोही एके काळी तिचा बारा वर्षांचा मित्र होता, आणि पुढे तिच्यासाठी खून करत म्हातारा झाला. म्हणजे आजच्या मुलाचं भविष्यही ठरलं.

हा अर्थ स्वीडिश चित्रपटाच्या बाबतीतही अनेकांनी लावला होता. शेवटी ऑस्कर आगगाडीत बसलेला आहे, शेजारी मोठी पेटी, पेटीत एली, बाहेर दिवसाचा उजेड. ऑस्कर हाच पुढचा होकान होणार, तीस-चाळीस वर्षांनी तोही अंधाऱ्या रानात कुणाला तरी उलटं टांगून गळा चिरत असणार. हे वाचन ताकदीचं आहे आणि ते चित्रपटात बसतंही. लिंडक्विस्टला ते मान्य नव्हतं. 'लोत दे गामला द्रोमार्ना दो' या नंतरच्या कथेत त्याने ऑस्कर आणि एलीचं पुढे काय झालं याची वेगळी शक्यता मांडली, आणि ती होकानच्या वाटेने जात नाही.

मी लेखकाच्या बाजूने आहे, आणि त्याची कथा पुरावा म्हणून मला लागत नाही. चित्रपटातच तो आहे. होकान पकडला जाण्याच्या बेतात असतो, तेव्हा आपली ओळख पटू नये आणि एली सापडू नये म्हणून स्वतःच्या तोंडावर आम्ल ओततो. इस्पितळाच्या उंच मजल्यावरच्या खिडकीशी एली येते. त्याला बोलता येत नाही. तो मान पुढे करतो, ती पिते, आणि तो खाली कोसळतो. त्याच्याकडे द्यायला रक्तच उरलं होतं, आणि ते तिने घेतलं.

ऑस्करचं बघा. एली शहर सोडून निघून गेलेली आहे, टॅक्सीत बसून, त्याच्या डोळ्यांदेखत. पोहण्याच्या तलावावर मोठी पोरं त्याला गाठतात. तीन मिनिटं पाण्याखाली राहा, नाहीतर एक डोळा जाईल. एक हात त्याचे केस धरून डोकं पाण्यात दाबतो. कॅमेरा पाण्याखाली ऑस्करसोबत. आवाज बुजलेले. वरून कुणाचे तरी पाय पाण्यावरून ओढत नेले जातात. काहीतरी जड पाण्यात पडतं. मग केस धरलेला तो हात सैल पडतो आणि एकटाच, दंडापासून सुटून, खाली बुडत जातो. ऑस्करला वर ओढलं जातं. आपल्याला दिसतात फक्त एलीचे डोळे, आणि तिच्याकडे बघणारा ऑस्कर, नाकातोंडात पाणी, चेहऱ्यावर हसू.

होकानकडे ती गेली ती त्याचा शेवट करायला. ऑस्करसाठी, निघून गेल्यानंतर, सुरक्षित झाल्यानंतर, ती मागे फिरली. होकानसाठी तिने असं काही केल्याचं चित्रपटात कुठेही नाही. ऑस्करच्या वाट्याला पुढे काय येईल ते येवो, पण ती परत आली याचा हिशेब न करता त्याला पुढचा होकान म्हणणं मला मान्य नाही.